पाणबुडीत मुंबईचं स्टेशन लागेल का?

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याहून समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. पण घरात बऱ्यापैकी संगणक असेल तर रात्री जेवण उरकून अटलांटिक महासागरात पाणबुडी चालवायला जाता येतं. ‘सायलेंट हंटर’ नावाची खेळांची मालिका आहे. तिचा तिसरा भाग 2005 साली आला, चौथा 2007 साली, पाचवा 2010 साली. पोलंडच्या एका स्टुडिओने केलेला ‘यूबोट’ हा तसाच दुसरा खेळ. दुसरं महायुद्ध चालू आहे, तुम्ही कप्तान आहात. डिझेल इंजिनांची धडधड आहे, पेरिस्कोप आहे, पाण्यातले आवाज टिपणारा हायड्रोफोन आहे. आणि कोपऱ्यात एक रेडिओ.

गंमत ही, की अशा खेळांत रेडिओवर आपल्या पसंतीचं स्टेशन घालता येतं. जगभरचे हौशी खेळाडू हा उद्योग वर्षानुवर्षं करतायत. आवाजाच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये टाकायच्या. मग साध्या मजकुराची एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून चार गोष्टी लिहायच्या: स्टेशनचं नाव, नकाशावरची जागा, पोच किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. खेळागणिक तपशील बदलतो, पण मामला एवढाच. मूळ फोल्डरची प्रत आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर सगळा खेळ पुन्हा बसवावा लागतो. चहा गार व्हायच्या आत काम होतं.

यात नवल कसलं? नवल त्या चार रकान्यांत आहे. ते खरेखुरे भरायचे म्हटलं की एकदम प्रश्नांचं मोहोळ उठतं. समुद्रात असलेल्या पाणबुडीला रेडिओ ऐकू येतोच कसा? मुंबईचं स्टेशन हिंदी महासागरात लागेल का? आणि 1942-43 साली हवेत होतं तरी काय?

सुरुवात पाण्यापासून करू. समुद्राचं पाणी खारट, आणि खारट पाणी विजेचं चांगलं वाहक. रेडिओची लहर त्यात शिरली की पाण्यात विजेचे बारीक प्रवाह सुरू होतात आणि लहरीची ताकद त्यातच खर्ची पडते. कंपनं जितकी जलद तितका हा खर्च मोठा. आपण ज्याला शॉर्टवेव्ह म्हणतो त्यातली 7 मेगाहर्ट्झची लहर घ्या. समुद्रात दर साडेनऊ सेंटिमीटरला ती जवळपास एक तृतीयांशावर येते. वीतभरसुद्धा नाही हो! मीटरभर खाली गेलात की उरतो मूळ जोराचा चाळीस हजारावा हिस्सा. म्हणजे पाणबुडीने डुबकी मारली, वरचे दोन हात पाणी डोक्यावर आलं, की सगळी गाणी, बातम्या, भाषणं खलास.

मग त्या पाणबुड्यांत माणसं रेडिओ ऐकत होती ती कशी? उत्तर ऐकून पाणबुडीबद्दलची आपली कल्पनाच उलटीपालटी होते. त्या काळची पाणबुडी ही खरं तर गरजेपुरतं पाण्याखाली जाणारी बोट होती. बॅटरीवर ती सावकाश चालायची, बॅटरी उतरली की वर यावंच लागायचं आणि डिझेल इंजिनं चालवून ती पुन्हा भरावी लागायची. बराचसा प्रवास पाण्यावरूनच, विशेषतः रात्रीच्या अंधारात. त्या वेळी एरियलची तार मोकळ्या हवेत असायची आणि जगातली स्टेशनं लागायची. तेव्हा तुमच्या खेळात पन्नास मीटर खोलीवर गाणं वाजत राहिलं, तर समजा की खेळाने तुमच्यावर मेहरबानी केली आहे.

पण बुडी मारलेल्या पाणबुडीला निरोप द्यायचाच असेल तर? पाणी जलद लहरींना खातं ना, मग लहर संथ करा. इतकी संथ, की सेकंदाला केवळ सोळा हजार कंपनं. आता साडेनऊ सेंटिमीटरचे होतात दोन मीटर! शॉर्टवेव्ह मीटरभरात जेवढी विझते तेवढी ही विझायला वीसेक मीटर खोली लागते. फक्त या लहरीची लांबी असते पावणेएकोणीस किलोमीटर. सीएसएमटीहून लोकल पकडून घाटकोपरला उतरा. तेवढ्यात एक लहर संपते. असली लहर हवेत सोडायला लागणारे मनोरे आणि वीज दोन्ही राक्षसी. जर्मनीने 1943 साली काल्बे गावाजवळ असं केंद्र उभारलं, त्याचं नाव ‘गोलियाथ’, ताकद 1000 किलोवॉट. युद्ध संपल्यावर सोव्हिएतांनी ते सुटं करून नेलं आणि आपल्याकडे पुन्हा उभारलं. आपल्या नौदलाचंही असं केंद्र आहे, तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ, ‘आयएनएस कट्टबोम्मन’, ते 18.2 किलोहर्ट्झवर बोलतं. मात्र या लहरीवर गाणं ऐकायची आशा धरू नका. सेकंदाला सोळा हजार कंपनांच्या अंगावर माणसाचा आवाज चढवायला जागाच उरत नाही. कडकट्ट, कडकट्ट, सांकेतिक अक्षरं, बस. आणि हे सगळं एकतर्फी. पाणबुडी ऐकते, उत्तर देत नाही.

उत्तर न देण्यातच तिचा जीव असतो. बोलणारा प्रक्षेपक कुठे आहे ते दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजून काढता येतं आणि अटलांटिकमध्ये कितीतरी पाणबुड्या अशाच हेरल्या गेल्या. नुसतं ऐकणं मात्र सुरक्षित. म्हणजे, जवळजवळ सुरक्षित. रेडिओ संचाच्या आत एक छोटं कंपनयंत्र असतं आणि तेही थोड्याशा लहरी बाहेर सोडतं. 1943 च्या उन्हाळ्यात पाणबुड्या धडाधड बुडू लागल्या तेव्हा जर्मन नौदलाला संशय आला, की शत्रूचं रडार ओळखायला बसवलेला आपलाच ‘मेटॉक्स’ हा संच अशा लहरी सोडून आपला घात करतोय. त्यांनी तो बंद करायला लावला. खरी कारणं वेगळीच होती: आखूड लहरींचं नवं रडार आणि फुटलेली गुप्तलिपी. पण काय भीती असेल पाहा, ऐकण्याचीसुद्धा!

आता पोचेचा रकाना. खेळ तुम्हाला एक आकडा विचारतो आणि नकाशावर स्टेशनभोवती वर्तुळ काढतो. आत असाल तर लागेल, बाहेर असाल तर नाही. निसर्ग इतका सरळ नाही. शॉर्टवेव्ह जमिनीलगत फार दूर जात नाही. ती वर जाते, अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवर, जिथे सूर्याच्या माऱ्याने हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. तिथून लहर वळते आणि शेकडो, हजारो किलोमीटर पलीकडे जमिनीवर उतरते. उतरून पुन्हा वर, पुन्हा खाली. कॅरममध्ये स्ट्रायकर काठाला आपटवून पलीकडची सोंगटी घेतो ना, नेमकं तसं. आणि तसंच मधल्या सोंगट्यांना काही कळत नाही! म्हणजे स्टेशनपासून वीस किलोमीटरवर ते ऐकू येतं, दोनशे-तीनशे किलोमीटरवर कदाचित मुळीच नाही, आणि हजार किलोमीटरवर खणखणीत. वर्तुळ कुठलं, मध्ये पोकळी असलेलं कडं असतं ते. तेही दिवसा वेगळं, रात्री वेगळं, उन्हाळ्यात वेगळं, आणि सूर्यावर डाग किती आहेत त्यावर वेगळं.

मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींनी हे अनुभवलेलं आहे, फक्त त्याला आयनांबर म्हटलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लावायची, आवाज मोठा व्हायचा, मग विरत जायचा, मग लाटेसारखा परत यायचा. तो उतारचढाव वरच्या थराच्या हालचालींचा. आणि रेडिओ सिलोनचं मूळ ठाऊक आहे? महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी कोलंबोहून ‘रेडिओ सीॲक’ हे लष्करी स्टेशन सुरू झालं. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, ते स्टेशन सिलोनच्या पदरात पडलं, आणि पुढे गीतमालेचे निवेदक अमीन सयानींचा आवाज भारतभर दणदणीत पोचला. खेळात 1945 साल गाठाल तेव्हा कोलंबोचं हे स्टेशन घालायला विसरू नका.

आता तारखेचा रकाना. इथे माझी झोप उडाली. कारण पाणबुडीच्या या जर्मन-जपानी-इंग्रज खेळात मी आपलं काही शोधायला निघालो आणि आपलंच इतकं सापडलं.

पहिली तारीख: 27 ऑगस्ट 1942. ‘चले जाव’ची घोषणा होऊन तीन आठवडेसुद्धा झालेले नाहीत, पुढारी तुरुंगात आहेत, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप आहे. आणि मुंबईत 42.34 मीटरवर एक नवं स्टेशन बोलू लागतं: काँग्रेस रेडिओ. बोलणारी बावीस वर्षांची उषा मेहता. सोबत विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर, ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाणी यंत्रसामग्रीला हातभार लावतात, राममनोहर लोहिया भाषणं पुरवतात. स्टेशन भारतातच कुठेतरी आहे, एवढंच श्रोत्यांना सांगितलं जाई. विचार करा, आजचा खेळाडू फोल्डरमध्ये एक स्टेशन वाढवतो तसंच या पोरांनी साम्राज्याच्या हवेत एक स्टेशन वाढवलं होतं. फरक इतकाच, की चूक झाली तर तुरुंग.

42.34 मीटर म्हणजे किती कंपनं? प्रकाशाच्या वेगाला भागा: 7.08 मेगाहर्ट्झ. म्हणजे मघाचीच ती, समुद्रात साडेनऊ सेंटिमीटरला दम तोडणारी आणि आकाशात मात्र आयनांबराला टेकून उड्या मारणारी लहर! मुंबईहून चारशे किलोमीटर तिला अवघड नाही. साखरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. संस्थानाची सीमा माणसांना होती, या लहरीला नव्हती. शेजारच्या विदर्भात आष्टी आणि चिमूरला काय अत्याचार झाले ते बाहेर कळू दिलं जात नव्हतं; ते काँग्रेस रेडिओने सांगितलं. चितगावच्या बॉम्बहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची बातमीही.

पाणबुडीची जी अडचण तीच उषा मेहतांची. बोललात की दिशा कळते. पोलीस दिशा मोजत मागावर, म्हणून प्रक्षेपक एका जागी फार दिवस नाही; आज चौपाटी, उद्या गिरगाव, नंतर महालक्ष्मी. शेवटी घात झाला तो मात्र यंत्राने नव्हे, माणसाने. यंत्र जुळवणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण दाखवलं. 12 नोव्हेंबर 1942 रोजी स्टेशन बंद पडलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. 1946 साली त्या येरवड्यातून सुटल्या. म्हणजे खेळाच्या फाइलमध्ये या स्टेशनची मुदत अडीच महिने.

आणि आवाज? फोल्डरमध्ये घालायचं काय? इथे इतिहासाने एक अजब विनोद केला आहे. स्टेशनवर पाळत ठेवणारे पोलीस रोज कान लावून ऐकत आणि शब्द उतरवून घेत. तेच पुढे खटल्यात पुरावा झालं. ज्यांना हे बोलणं पुसायचं होतं त्यांनीच ते जपून ठेवलं! तो मजकूर आता पुस्तकात छापलेला आहे. तुमच्या घरातली एखादी कॉलेजात जाणारी मुलगी तो वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करू शकेल. मग एक छोटीशी करामत करायची: ध्वनिसंपादनाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या आवाजाचे तळाचे आणि टोकाचे सूर छाटायचे. साधारण तीनशेच्या खालचे आणि चार हजार कंपनांच्या वरचे काढून टाकलेत की तोच आवाज क्षणात ऐंशी वर्षं मागे जातो. त्यात थोडी खरखर मिसळा, आवाज मधूनमधून बसवा. कान किती सहज फसतो, आणि फसायला किती आतुर असतो!

दुसरी तारीख 9 मार्च 1943, आणि जागा गोव्याचं मुरगाव बंदर. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध पेटताच ‘एहरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ ही जर्मन मालवाहू जहाजं आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज तिथे आसऱ्याला येऊन बसलेली. हिंदी महासागरात दोस्तांची जहाजं बुडत होती आणि ब्रिटिश हेरखात्याचा दावा असा, की ‘एहरेनफेल्स’वर लपवलेला प्रक्षेपक पाणबुड्यांना जहाजांच्या वेळा कळवतो. तटस्थ बंदरात सैन्य पाठवता येईना. मग काय केलं? कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’चे अठरा जण जमवले, चहामळेवाले, व्यापारी, हिशेबनीस, बरेचसे पोट सुटलेले. ‘फीबी’ नावाचं गाळ वाहणारं होडगं अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आणलं आणि त्यातून त्यांना गोव्यात नेलं. मध्यरात्री ते ‘एहरेनफेल्स’वर चढले. खलाशांनी स्वतःच जहाजं पेटवली, बुडवली, चारही गेली. त्या अठरा जणांना ना पदक, ना जाहीर कौतुक. 1978 साली जेम्स लीझरचं पुस्तक येईपर्यंत जगाला फारसा पत्ता नव्हता, आणि 1980 साली त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा सिनेमा निघाला.

त्या प्रक्षेपकाने खरंच किती निरोप धाडले यावर मी पैज लावणार नाही. ती बाजू बरीचशी ब्रिटिशांनी सांगितलेली आहे. पण खेळात घालायला स्टेशन फक्कड. गाणी नकोत. मोर्सची एक बारीक शिट्टी, मध्येच सुरू होणारी, मध्येच तुटणारी, आणि 9 मार्चनंतर कधीच न लागणारी.

आणि आता घड्याळ त्याच रात्रीवर थांबवून अटलांटिककडे पाहा. बरोबर एक महिना आधी, 9 फेब्रुवारी 1943 रोजी, जर्मनीतल्या कील बंदरातून ‘यू-180’ ही पाणबुडी निघालेली. कप्तान व्हेर्नर मूझेनबेर्ग. आत दोन हिंदी प्रवासी. एक सुभाषचंद्र बोस. दुसरे त्यांचे सहायक आबिद हसन, हैदराबादचे. साखरा ज्या संस्थानातलं गाव होतं त्याच्याच राजधानीचे. खोक्याइतकी जागा, डिझेलचा वास, आणि नेताजी त्यातही मजकूर सांगतायत, आबिद लिहून घेतायत.

तिकडे बर्लिनमधून नेताजींचा आझाद हिंद रेडिओ चालूच होता. 1942 च्या सुरुवातीला तो सुरू झाला, 19 फेब्रुवारीला, सिंगापूर पडल्यावर चार दिवसांनी, नेताजी प्रथमच आपलं नाव घेऊन त्यावर बोलले. हिंदी, बंगाली, तमिळ, पश्तो अशा बऱ्याच भाषांत बातम्या जात, आणि त्यात मराठीही होती! युरोपातून निघालेली मराठी, आकाशात उड्या मारत, महाराष्ट्राच्या दिशेने. आता खरी मेख ऐका. नेताजी जर्मनीतून निघालेत हे शत्रूला कळता कामा नये, म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी भाषणं ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती नंतर प्रसारित झाली. म्हणजे आवाज जर्मनीत आणि माणूस समुद्रात! ब्रिटिश टिपणकार रेडिओला कान लावून बसले असतील, तेव्हा बोलणारा केव्हाच आफ्रिकेच्या टोकाकडे निघाला होता.

तुमच्या खेळात हे करून पाहा. मार्च 1943 ची तारीख लावा, पाणबुडी रात्री पाण्यावर आणा, आझाद हिंदचं स्टेशन लावा. जगातल्या कुठल्याही खेळाच्या लेखकाला यापेक्षा चमत्कारिक प्रसंग सुचला असता का?

18 एप्रिलला ‘यू-180’ने वाटेत ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. 28 एप्रिलला, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात, नेताजी आणि आबिद हसन रबरी होडीतून जपानच्या ‘आय-29’ या पाणबुडीवर गेले, आणि 6 मेला सुमात्राजवळच्या सबांगला उतरले. पुढे जुलै 1943 मध्ये नेताजी सिंगापूरला पोचले. आझाद हिंद रेडिओही त्यांच्या मागोमाग पूर्वेला आला, आधी सिंगापूर, नंतर रंगून.

आता नोटपॅडमधला तो जागेचा रकाना भरायचा राहिला. अक्षांश एक, रेखांश एक, एवढीच जागा असते तिथे. स्टेशन म्हणजे एका जागी उभा असलेला मनोरा, असं खेळ करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं. आझाद हिंद रेडिओसाठी एकच स्टेशन तीनदा लिहावं लागतं: पहिलं जर्मनीत, दुसरं सिंगापुरात, तिसरं रंगूनमध्ये, तिन्हींचं नाव तेच, तारखा फक्त वेगळ्या. जर्मनीतलं केंद्र नेताजींचे सहकारी ए. सी. एन. नंबियार यांच्या हाताखाली नंतरही चालू होतं, म्हणून त्याच्या तारखा पूर्वेकडच्या तारखांवर चढतात. एकाच नावाची दोन स्टेशनं एकाच वेळी चालली की काही खेळ गडबडतात. तेव्हा नावापुढे एक अंक जोडा, फाइल जतन करा, आणि खेळ पुन्हा सुरू करून काटा फिरवा.